आंघोळीची वीस मिनिटं

[दृश्य : न्हाणीघराच्या दाराबाहेरची फळी. एक हात मनगटावरचा फिटनेस बँड काढून चार्जरवर ठेवतो.]

फोनचं बरं असतं. आपण झोपलो की तोही पडून राहतो, आणि रात्रभर चार्जिंगला लावला तरी कोणाची अडचण होत नाही. बँडची मात्र खरी ड्यूटी रात्रीच सुरू होते. झोप किती लागली, कूस कितीदा बदलली, पहाटे नाडी कुठवर उतरली, सगळं टिपायचं असतं. दिवसा पावलं आहेतच. चोवीस तासांत त्याला मनगटावरून उतरायची सवड मिळते ती आपण आंघोळीला जातो तेव्हा.

आणि बॅटरीच्या तब्येतीसाठी हीच वेळ सगळ्यांत चांगली.

[दृश्य : उघडलेला बँड. आत नखाएवढी चंदेरी पिशवी.]

ही पिशवी म्हणजे लिथियम पॉलिमर सेल. फोनच्या बॅटरीची क्षमता आज साधारण ४,००० ते ५,००० मिलिअँपिअर-अवर असते, साध्या बँडची १०० ते २००च्या घरात. अंग एवढंसं, पण कूळ तेच. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅटरीची धन बाजू लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची करता येते हे दाखवलं. १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी समोरच्या बाजूला कार्बन बसवला आणि सेल सुरक्षित झाला. १९९१ साली तो बाजारात आला. या दोघांना आणि त्यांच्याआधी पाया घालणाऱ्या स्टॅनली व्हिटिंगहॅम यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. बॅटरीपेक्षा बॅटरीवालाच जास्त टिकला म्हणायचं.

[दृश्य : रेखाचित्र. ठिपके एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतात.]

चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, धन बाजूकडून निघतात आणि पलीकडे ग्राफाइटच्या, म्हणजे त्या कार्बनच्याच, थरांत जाऊन बसतात. वापरताना परत फिरतात. ही ये-जा चालू असते तोवर बॅटरी चालू असते. पण ग्राफाइटच्या अंगावर एक पातळ पापुद्रा धरतो, तापलेल्या दुधावर साय धरते तसा. थोडी साय हवीच, तिच्याशिवाय सेल टिकणार नाही. ती जाड होत गेली की मात्र प्रत्येक थरात थोडं लिथियम कायमचं अडकतं. बॅटरी म्हातारी होते ती बरीचशी अशी.

ही साय नुसत्या वापरानं वाढत नाही. बँड पडून असला तरी वाढते. उष्णतेत भराभर वाढते, आणि सेल काठोकाठ भरलेला असेल तर आणखी. पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज सुमारे ४.२ असतो, निम्म्यावर असताना ३.७ ते ३.८. फरक दिसायला अर्ध्या व्होल्टचा, पण सेलच्या आत तो ताण असतो.

[दृश्य : कॅलेंडरची पानं उलटतात.]

आता थोडा हिशेब करू, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते.

अशा सेलचं आयुष्य चक्रांत मोजतात. शून्य ते शंभर म्हणजे एक चक्र. पन्नास टक्के दोनदा भरले तरी एकच. ढोबळमानानं ३०० ते ५०० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरते. म्हणजे नवा असताना दहा दिवस चालणारा बँड आठ दिवसांवर येतो.

हा दहा दिवसांचा बँड वर्षात किती चक्रं पुरी करतो? जेमतेम ३६. या वेगानं ५०० गाठायला तेरा वर्षांहून जास्त लागतील. तरीही दोन-तीन वर्षांत लोक म्हणू लागतात, पूर्वीसारखा टिकत नाही. चक्रं तर शंभरीच्या आसपासच असतात! असा बँड मग म्हातारा होतो तो वापरानं कमी आणि आपण त्याला कुठे, किती भरून ठेवतो त्यानं जास्त.

रोज जीपीएस लावून धावणाऱ्याच्या, पडदा सतत पेटता ठेवणाऱ्या घड्याळाचं गणित वेगळं. ते रोज रिकामं होत असेल तर वर्षाला ३६५ चक्रं, म्हणजे दीड वर्षात पाचशेच्या पुढे. तिथे खर्चच कमी करायला हवा. सतत पेटता पडदा बंद केला, रक्तातल्या ऑक्सिजनची रात्रभराची मोजणी गरजेपुरतीच ठेवली, की चक्रं वाचतात.

[दृश्य : टक्केवारी ४ वर. तांबडी खूण लुकलुकते.]

‘बॅटरी पूर्ण उतरू दे, मगच लाव.’ हा सल्ला अजूनही वडीलधाऱ्यांकडून ऐकू येतो. तो खोटा नव्हता, जुन्या निकेल-कॅडमियम सेलसाठी होता. तो सेल वारंवार अर्ध्यावरून भरला तर तेवढीच क्षमता ‘लक्षात’ ठेवतो, असा अनुभव होता. लिथियमला ही खोड नाही. याला दर वेळी तळ दाखवणंच मानवत नाही. तीस-चाळीस टक्क्यांवर असताना लावा, ऐंशीच्या आसपास काढा. आकडा पाळायलाच हवा असं नाही, लांबच्या प्रवासाआधी शंभर करायलाही काही हरकत नाही. खुशाल करा. फक्त शंभरावर दिवसचे दिवस बसवून ठेवू नका.

बँड आंघोळीपुरताच लावला की हे आपोआप घडतं. वीस मिनिटांत तो भरत नाही, आणि न भरणंच त्याच्या सोयीचं असतं. काही घड्याळं आता हे स्वतःच सांभाळतात. अ‍ॅपल वॉचमध्ये २०२०पासून ऐंशीवर थांबून उरलेलं नंतर भरण्याची सोय आहे. साध्या बँडमध्ये ती सहसा नसते, तिथे थांबवणारे आपण.

रात्रभर लावून ठेवला तर स्फोट होईल का? धडधाकट बँडमध्ये ती भीती नको. आतलं सर्किट भरल्यावर विद्युतप्रवाह थांबवतं. पण सेल तासन्‌तास काठोकाठ राहतो, आणि उशीखाली असेल तर गरमही.

[दृश्य : खिडकीच्या काचेतून पडणारं ऊन. त्या उन्हात चार्जरवरचा बँड.]

ऊन हा याहून मोठा शत्रू. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम सांगतो की तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर साठ अंशांच्या वर जायला वेळ लागत नाही. बँड तिथे विसरू नये आणि चार्जिंग तर सावलीतच करावं. थंडीची तऱ्हा उलटी. गोठत्या थंडीत बँड लवकर उतरतो, पण ऊब मिळाली की सावरतो. शून्य अंशांखाली त्याला चार्ज मात्र करू नये. लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातू म्हणून साचतं, आणि हे नुकसान भरून येत नाही.

[दृश्य : बँडच्या पाठीवरच्या पिना, अगदी जवळून. कडेला हिरवट थर.]

मग घाम. घामात मीठ असतं. ओल्या पिनांवर चार्जर बसवला की मीठ, पाणी आणि वीज एकत्र येतात आणि धातू गंजू लागतो. मग बँड चार्ज होत नाही आणि बोल बॅटरीला लागतो. पिना कोरड्या मऊ कापडानं पुसा. थर धरला असेल तर चार्जरवरून काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. म्हणूनच ती फळी न्हाणीघराबाहेर, वाफेपासून लांब.

अ‍ॅडॉप्टरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. साधा पाच व्होल्टचा पुरतो, संगणकाचं यूएसबीही चालतं.

[दृश्य : ड्रॉवर उघडतो. तळाशी धुळकट बँड.]

माझा पहिला बँड वापरून संपला नाही, ड्रॉवरमध्ये गेला. पूर्ण उतरलेला तसाच टाकला होता, आठ महिन्यांनी चार्जरला लावला तर पडदा काळाच. बंद पडलेल्या उपकरणातही थोडीशी गळती चालूच असते. व्होल्टेज फार खाली गेला की आतलं तांबं विरघळू लागतं. ठेवूनच द्यायचा असेल तर निम्मा भरा, सेटिंगमधून बंद करा, थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. माझ्यासारखा उशीर झालाच तर अर्धा तास चार्जरवर राहू द्या, कधीकधी जागा होतो. पडदा कडेनं उचललेला दिसला तर मात्र हातही लावू नका चार्जरला. आतली पिशवी फुगली आहे. ती दाबायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

[दृश्य : पाण्याचा आवाज थांबतो. दार उघडतं. ओला हात बँडकडे जातो, थबकतो, टॉवेल घेतो.]

६८ टक्के. पुरेत. पण आधी मनगट कोरडं होऊ द्या.