सातव्या दाराचा हिशेब

(भिंतीवर डकवलेली कार्डं. कॅमेरा सावकाश सरकतो.)

भिंतीवर तीन रंगांची कार्डं आहेत. पांढऱ्यांवर घटना, पिवळ्यांवर नियम, लालवर किंमत. पांढरी चाळीसएक, पिवळी फक्त पाच. किशोर वाचकांसाठीच्या डार्क फँटसीला पाच नियम पुष्कळ झाले. खर्डा फसतो तो बहुतेक वेळा सहाव्या नियमापायी. शेवटच्या प्रकरणात नायिका अडकते आणि तो नेमका तेव्हाच सापडतो.

ही कथा अशी : मेलेले दर पौर्णिमेला आपापल्या दाराशी परत येतात. दार मंत्रानं बंद होतं, आणि मंत्राला रक्त लागतं.

(वहीचं पान, जवळून.)

किती लागतं, ते या पानावर आहे. एका दाराला २०० मिलिलिटर. त्याच्या वर खोडलेला शब्द दिसतोय, ‘आठवण’. आठवणीची किंमत ऐकायला सुंदर वाटते, पण ती मोजता येत नाही. कोणती आठवण जाणार हे लेखकच ठरवतो, आणि मग नेमकी नको असलेलीच जाते. रक्तात ती सवलत नाही.

नायिका १५ वर्षांची, वजन ४५ किलो. किलोमागे साधारण ७० मिलिलिटर धरलं, तर अंगात रक्त तीन लिटरच्या थोडं वर. दोन दारं झाली की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येईल, इतकंच. तिसऱ्याला नाडी धावायला लागते, हात गार पडतात, घशाला कोरड पडते. पाचव्याला जवळजवळ एक तृतीयांश रक्त गेलेलं असतं. रक्तदाब कोसळतो, बोलणं तुटक होतं. सहाव्याला मरण समोर. हे आकडे कादंबरीत कुठंच छापले जाणार नाहीत. पण गार पडलेले हात आणि तहान बरोबर त्या-त्या दाराशी यायला हवी, म्हणून ते वहीत आहेत.

पहिल्या खर्ड्यात ती एका रात्रीत सात दारं बंद करून वर बुरुजाच्या पायऱ्या चढत होती. ही लाल पेन्सिलीची जाड रेघ त्याच परिच्छेदावर.

(फरशीवर पडलेलं एक लाल कार्ड.)

‘नाहीतर जग संपेल.’ हे कार्ड भिंतीवरून उतरवलंय. पुढं दीडशे पानं हातात असताना जग संपणार नाही, हे वाचणाऱ्या मुलाला कळतं. वेळेवर धावून आलेला पूर्वजांचा आशीर्वादही त्याला कळतो. एकदा नियम सैल केला की त्यापुढच्या कुठल्याच संकटाची भीती त्याला वाटत नाही. म्हणून इथं नियम हलवला नाही. सात दारं सातच राहिली, फक्त ती वाटली गेली : तिला चार, आणि तीन तिच्या १० वर्षांच्या भावाला. तो २८ किलोचा. अंगात रक्त जेमतेम दोन लिटर.

(खिडकीच्या काचेला लावलेला हाताचा एक्स-रे.)

मग मोठी माणसं कुठं आहेत? या प्रकारच्या लेखनातला हा सगळ्यात अवघड प्रश्न. आईवडील मेलेले, मूर्ख किंवा परगावी, ही उत्तरं वापरून झिजली आहेत. या एक्स-रेमध्ये हाडांच्या टोकांजवळ फटी दिसतात. तिथं कूर्चा असते, आणि हाड तिथूनच लांबतं. मुलींत साधारण १४ ते १६, मुलग्यांत १६ ते १८ या वयात ती कूर्चा हाडात विरून जाते. तिसरं पिवळं कार्ड सांगतं : मंत्र चालतो तो या फटी उघड्या असेपर्यंतच. म्हणजे गावातल्या प्रत्येक प्रौढानं कधीकाळी हे केलंय. कुठं कापायचं हे आईला ठाऊक आहे. वाडगं तीच धरते. आणि नायिकेच्या हातात, फार तर, वर्षभराचा अवधी उरतो.

भाऊ ती सकाळ पाहत नाही. ते प्रकरण सहा पानांचं आहे.

(टेबलावरची दिनदर्शिका. पेन्सिलीच्या खुणा.)

पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस. आधीच्या खर्ड्यात दुसरी पौर्णिमा एकोणिसाव्या दिवशीच उगवली होती. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि उजाडताना मावळतो, म्हणून दारं रात्रभर राखावी लागतात; त्याच रात्री बुरुजावर लटकलेली चंद्रकोरही मग काढावी लागली. या महिन्याभरात नायिकेचं काय होतं, तेही इथंच मांडलंय. गेलेल्या रक्तातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. लाल पेशींना कित्येक आठवडे लागतात. एवढं रक्त गेल्यावर एक महिना पुरत नाही. म्हणून तिसाव्या दिवशी ती धावत नाही, जिन्यात दोनदा थांबते.

पुढच्या पौर्णिमेच्या चौकटीत दारांचा आकडा तोच आहे, सात. तिच्या नावापुढे दोन लिहिलेत. उरलेल्या पाचांपुढे अजून कुणाचंच नाव नाही.