वाढत्या वयाचे कर्मचारी आणि कामाच्या जागेतील पूर्वग्रह

मित्रहो, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातील दर सहा माणसांमागे एक जण ६५ वर्षांहून मोठा असेल. जपानमध्ये हे प्रमाण आजच चारात एकाहून अधिक आहे. आयुर्मान वाढले आणि जन्मदर घटला की कार्यालये, कारखाने, रुग्णालये यांतील माणसांचे सरासरी वय वाढणारच. मात्र वय वाढलेल्या कर्मचाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी त्याबरोबर बदललेली नाही. जगातील दर दोन माणसांपैकी एक जण वयाविषयी मध्यम किंवा तीव्र पूर्वग्रह बाळगतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. हा पूर्वग्रह स्वतःचे पुरावे स्वतःच कसे तयार करतो, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

वयाबरोबर काहीच कमी होत नाही, असे म्हणणे खरे ठरणार नाही. प्रतिसादाचा वेग मंदावतो, नजर आणि श्रवण यांत फरक पडतो. प्रश्न असा आहे की या घटीचा प्रत्यक्ष कामावर किती परिणाम होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला टंकलेखकांचा अभ्यास मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. विशीपासून सत्तरीपर्यंतच्या टंकलेखकांची त्यांनी तपासणी केली. नुसता प्रतिसादाचा वेग मोजणाऱ्या चाचणीत वयस्क मंडळी स्पष्टपणे मागे पडली; प्रत्यक्ष टंकलेखनात मात्र त्यांचा वेग तरुणांपेक्षा कमी नव्हता, कारण बोटे एक अक्षर उमटवत असताना त्यांचे डोळे मजकुरात तरुणांपेक्षा बरेच पुढे गेलेले असत. बोटांच्या मंदपणाची भरपाई त्यांनी पुढचे पाहून केली होती. ही भरपाई कोणी शिकवलेली नव्हती, ती कामातूनच आली होती, आणि केवळ प्रतिसादाची चाचणी घेऊन उमेदवार निवडणाऱ्याला ती कधीच दिसली नसती. जर्मनीतील मर्सिडीज-बेंझच्या ट्रक जुळणी कारखान्यातील चुकांच्या नोंदी तपासताना अर्थशास्त्रज्ञ अॅक्सेल बोर्श-सुपान आणि मॅथियास वाइस यांनाही असेच आढळले. वयाने मोठ्या कामगारांच्या हातून किरकोळ चुका थोड्या अधिक होत होत्या, पण महागात पडणाऱ्या गंभीर चुका ते जवळजवळ करत नव्हते, आणि साठीपर्यंत उत्पादकता घसरल्याचे दिसले नाही.

मग वयस्क कर्मचारी नव्या तंत्रात मागे पडतात, हा अनुभव अनेकांना का येतो? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नव्या संगणक प्रणालीच्या प्रशिक्षणाला पाठवताना व्यवस्थापक मनात हिशेब करतो की हा आता किती वर्षे राहणार. त्याचे नाव वगळले जाते, नवा प्रकल्प दुसऱ्याकडे जातो, आणि काही वर्षांनी त्याच माणसाच्या मूल्यमापनात ‘बदल स्वीकारत नाही’ असा शेरा पडतो. त्याला शिकू दिले नाही हे त्या शेऱ्यात कुठेच लिहिलेले नसते. या अन्यायाने मला सर्वाधिक अस्वस्थ केले आहे, कारण तो सहन करणारा माणूस हळूहळू स्वतःही त्या शेऱ्यावर विश्वास ठेवू लागतो. शिवाय हिशेबही चुकीचा असतो: तंत्रच चार-पाच वर्षांत बदलत असेल, तर निवृत्तीला दहा वर्षे उरलेल्या माणसावरचा खर्च वाया कसा जाईल?

नोकरीच्या दारातही हेच घडते. अमेरिकेत वयावरून भेदभावाला मनाई करणारा कायदा १९६७ मध्येच झाला आणि तो चाळिशीपासून पुढच्यांना संरक्षण देतो. तरीही अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी तिथे कल्पित उमेदवारांचे ४० हजारांहून अधिक अर्ज पाठवून पाहिले, तेव्हा वय वाढत गेले तसे बोलावणे येण्याचे प्रमाण घटत गेले, आणि त्याची झळ स्त्रियांना अधिक बसली. नकाराचे कारण कोणी लेखी देत नाही, त्यामुळे एकट्या उमेदवाराला भेदभाव सिद्ध करणे अवघड जाते.

ज्येष्ठांनी जागा अडवल्या तर तरुणांनी जायचे कुठे, ही शंका प्रामाणिक आहे आणि तिला उत्तर द्यायलाच हवे. एखाद्या विभागात एका पदासाठी ती खरीही असू शकते. पण देशाच्या अर्थव्यवस्थेत नोकऱ्यांची संख्या ठरलेली नसते. कमावणारा माणूस खर्च करतो, कर भरतो आणि त्यातून इतरांसाठी काम निर्माण होते. अर्थशास्त्रज्ञ जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज यांनी २०१० मध्ये संपादित केलेल्या १२ देशांच्या अभ्यासात, ज्येष्ठ कामावर राहिल्याने तरुणांचा रोजगार घटतो असा पुरावा मिळाला नाही.

उपाय फार खर्चाचे असतात असेही नाही. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये जर्मनीतील डिंगॉल्फिंग येथे एका उत्पादन रांगेवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षे वयाचे कामगार नेमले आणि काय बदलावे हे त्यांनाच विचारले. लाकडी जमीन, बसून करता येईल तिथे खुर्ची, भिंगे, पडद्यावर मोठी अक्षरे असे सुमारे ७० लहान बदल झाले आणि वर्षभरात उत्पादकता सात टक्क्यांनी वाढली. भिंग आणि खुर्ची तरुण कामगारालाही उपयोगीच पडते, हे वेगळे सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. पोरवयापासून ओझी वाहिलेल्या कामगाराला ‘आणखी पाच वर्षे काम कर’ असे सांगणे म्हणजे न्याय नव्हे; त्याला हलके काम किंवा वेळेवर निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे. म्हणून निवृत्तीचे वय सरसकट वाढवण्याच्या आधी प्रत्येक संस्थेने आपली प्रशिक्षणाची नोंदवही उघडावी, गेल्या काही वर्षांत कोणत्या वयाच्या किती जणांना पाठवले ते मोजावे, आणि वगळलेल्यांची नावे पुढच्याच तुकडीत घालावीत. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.