मेक्सिकोच्या सीमेवरची रात्र नेमकी कोणाची?

नमस्कार मंडळी.

मेक्सिकोतील सीमेवरची शहरे आणि समुद्रकिनाऱ्यावरची पर्यटनस्थळे यांचे नाव काढले की दारू, नाचगाणे आणि बेफिकीर गोंधळ असे एकच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते, आणि हा सगळा तेथील लोकांच्या स्वभावाचाच भाग असावा, अशी आपण समजूत करून घेतो. या व्हिडिओत मी त्याच्या उलट मांडणी करणार आहे. या गावांमधल्या रात्री घडवण्यात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेत वेळोवेळी झालेल्या कायद्यांचा आहे. ते कायदे बदलले तेव्हा या गल्ल्याही बदलल्या, आणि अमेरिकी गिऱ्हाईक आटले तेव्हा काही गल्ल्या पहिल्यांदाच स्थानिकांच्या झाल्या.

(पडद्यावर: अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया यांचा नकाशा, अमेरिकेच्या सान दिएगोच्या खाली मेक्सिकोचे तिहुआना.)

सुरुवात तिहुआनापासून करू. 1920 च्या सुमारास हे जेमतेम हजारभर वस्तीचे गाव होते. मात्र सीमेच्या उत्तरेला काय चालले होते ते पाहा. कॅलिफोर्नियाने 1909 मध्ये घोड्यांच्या शर्यतींवरील सट्ट्याला बंदी केली, आणि 1916 मध्ये तिहुआनात रेसकोर्स उभा राहिला. जानेवारी 1920 मध्ये अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली, आणि या धुळकट गावात एकामागून एक दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे व नाचघरे उघडू लागली. गुजरातमधून दमणला जाणारी वाहने ज्यांनी शनिवारी पाहिली आहेत, त्यांना या व्यवहाराचे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या धंद्याला स्थानिक सत्तेचाही पाठिंबा होता. मेक्सिकोत क्रांतीची धामधूम चालू होती, राजधानी फार दूर होती, आणि बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागाचा कारभार 1920 पर्यंत पाहणारे एस्तेबान कान्तू यांना पैसा हवा होता. जुगार आणि दारू यांच्या परवान्यांतून आलेल्या पैशावर त्यांनी रस्ते बांधले, शाळा बांधल्या. ज्या व्यवसायाला शेजारी देश पाप म्हणत होता, त्यावरच एका प्रांताची तिजोरी चालत होती. गंमत अशी की, बहुतेक मोठ्या जागांचे मालक अमेरिकीच होते आणि नोकऱ्याही पुष्कळदा अमेरिकी माणसांनाच मिळत. त्यामुळे आपल्याच गावातल्या मद्यालयांत काम मिळावे यासाठी मेक्सिकोच्या कामगार संघटनांना झगडावे लागले.

या काळाचा कळस म्हणजे 1928 मध्ये सुरू झालेले आग्वा कालियेन्ते. कॅसिनो, हॉटेल, गरम पाण्याची स्नानगृहे, गोल्फचे मैदान, विमाने उतरवण्याची धावपट्टी आणि 1929 च्या अखेरीस सुरू झालेला नवा रेसकोर्स असा हा थाट होता. वेन मॅकॲलिस्टर या विशीतल्या तरुणाने त्याचा आराखडा केला होता, आणि त्यात स्पेनच्या जुन्या चर्चपासून मूरिश महालांपर्यंत सगळ्याची सरमिसळ होती. तेथील डौलदार मिनार तर प्रत्यक्षात धुराडे होते. मालकांमध्ये बॅरन लाँग, वर्ट बोमन आणि जेम्स क्रॉफ्टन हे अमेरिकी व्यावसायिक होते, आणि त्यांच्यासोबत हितसंबंध गुंतलेले होते ते प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर आबेलार्दो रोद्रिगेस यांचे, जे पुढे 1932 मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झाले. ऑस्ट्रेलियात अक्षरशः पूजला जाणारा फार लॅप हा घोडा मार्च 1932 मध्ये येथेच आपली शेवटची शर्यत जिंकला आणि काही दिवसांतच कॅलिफोर्नियात मरण पावला.

याच काळात तिहुआनाच्या रंगमंचांवर मार्गारिता कान्सिनो नावाची एक अल्पवयीन मुलगी वडिलांच्या जोडीने नाचत असे. कॅलिफोर्नियाच्या नाइट क्लबांमध्ये तिच्या वयाच्या मुलीला काम करण्याची मुभा नव्हती, म्हणून बापलेक सीमा ओलांडून येत. हॉलिवूडच्या लोकांच्या नजरेत ती तेथेच भरली आणि पुढे रीटा हेवर्थ या नावाने जगभर गाजली. या गोष्टीकडे यशोगाथा म्हणून पाहण्याची पद्धत आहे. मला त्यात आधी एका लहान मुलीच्या रात्रपाळ्या दिसतात.

सीझर सॅलडही याच दारूबंदीचे अपत्य आहे. सीझर कार्दिनी हे इटालियन गृहस्थ सान दिएगोत राहत आणि उपाहारगृह मात्र तिहुआनात चालवत, म्हणजे जेवणाबरोबर वाइन देता येई. 1924 च्या जुलैमध्ये गर्दीमुळे स्वयंपाकघरातले जिन्नस संपत आले, तेव्हा उरलेल्या लेट्यूस, अंडी, चीज आणि पाव यांतून त्यांनी हा पदार्थ जमवला, अशी कथा सांगितली जाते. श्रेयावर इतरांचेही दावे आहेत, पण सीझर्स हे उपाहारगृह आजही तिहुआनाच्या आवेनिदा रेव्होलुसिओन या रस्त्यावर आहे आणि वेटर तुमच्या टेबलाशी लाकडी वाडगा आणून सॅलड तेथेच घोळून देतो.

1933 मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात शर्यतींवरील सट्टाही पुन्हा कायदेशीर झाला. धंद्याचा पायाच निम्मा सरकला. उरलेले काम मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी 1935 मध्ये जुगारबंदी करून पूर्ण केले. कॅसिनो बंद पडला आणि त्या जागेवर पुढे शाळा आली. ती शाळा आजही कार्देनास यांच्याच नावाने चालते.

(पडद्यावर: आवेनिदा रेव्होलुसिओन, गाढवाच्या गाडीसमोर छायाचित्र काढणारे पर्यटक.)

श्रीमंतांचा कॅसिनो गेला, तरी रेव्होलुसिओन हा रस्ता टिकला, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सान दिएगोच्या नौदल तळावर हजारो तरुण खलाशी आले. या रस्त्यावर पांढऱ्या गाढवांना झेब्र्यासारखे काळे पट्टे रंगवून उभे केलेले दिसते. त्यामागे साधे कारण होते: कृष्णधवल छायाचित्रात फिकट गाढव नीट उठून दिसत नसे. त्याच रस्त्यावरच्या क्लबांमध्ये एक तास बँड आणि एक तास नर्तकी अशा पाळ्या चालत, आणि तेथील एका बँडमध्ये पुढे जगप्रसिद्ध झालेला कार्लोस सान्ताना किशोरवयात गिटार वाजवत होता.

अशा बारमधला एक व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. गिऱ्हाइकाशेजारी बसून त्याला पेय मागवायला लावणाऱ्या स्त्रीला प्रत्येक पेल्यामागे एक बिल्ला मिळतो, त्याला ‘फिचा’ म्हणतात. रात्र संपली की ती बिल्ले मोजून आपला वाटा घेते. गिऱ्हाईक तिच्या पेल्याचे अवाच्या सवा पैसे भरते आणि त्यातला मोठा हिस्सा मालकाकडे जातो. पर्यटकांच्या आठवणींमध्ये हा प्रसंग ‘आम्हाला फसवले’ असा येतो. ज्या बाईची मजुरी पेल्यांवर ठरते, तिची बाजू त्यात क्वचितच येते.

टेक्सासला लागून असलेल्या सियुदाद ह्वारेसची कथा थोडी निराळी आहे. तेथील केंटकी क्लब हा बार 1920 पासून चालू आहे आणि मार्गारिता हे पेय आपणच शोधले, असा त्याचा दावा आहे. बाहा कॅलिफोर्नियातल्या एन्सेनादा येथे 1892 पासून चालणारी हुसाँग्ज कान्तिना तोच दावा करते, आणि हे भांडण मिटण्याची कोणाची इच्छाही दिसत नाही. मात्र ह्वारेसचा सर्वांत लाडका क्लब पर्यटकांचा नव्हता. तो होता नोआ नोआ, जेथे ह्वान गाब्रिएल या गायकाने उमेदवारीच्या काळात गाणी म्हटली आणि नंतर त्याच नावाच्या गाण्यातून तो क्लब सगळ्या लॅटिन अमेरिकेला माहीत करून दिला.

1984 मध्ये अमेरिकी काँग्रेसने आणखी एक कायदा केला. मद्यपानाचे किमान वय 21 न करणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीत कपात होईल, असे त्यात म्हटले होते. टेक्सासने 1986 मध्ये वय वाढवले. मेक्सिकोत ते 18 च राहिले. त्यामुळे 18 ते 20 वयोगटातल्या लाखो विद्यार्थ्यांसाठी सीमेपलीकडचा बार हा पुन्हा एकदा कायदेशीर पर्याय झाला. शुक्रवारी रात्री पूल ओलांडायचा, फुटपाथवरचे ‘हालादोर’, म्हणजे हाताला धरून आत ओढणारे दलाल, सांगतील त्या क्लबात शिरायचे, आणि पहाटे परत यायचे, हा क्रम ठरून गेला. वसंतातल्या सुटीत हीच गर्दी विमानाने मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या कानकूनला जाऊ लागली.

(पडद्यावर: कानकूनचा उपग्रह-नकाशा, सातच्या आकड्यासारखा वाळूचा पट्टा.)

कानकूनपूर्वी किनाऱ्यावरच्या रात्रींची राजधानी आकापुल्को होती: हॉलिवूडचे तारे, ला केब्रादाच्या कड्यावरून उडी घेणारे सूरमारे, 1976 मध्ये उघडलेला बेबी ओ हा डिस्को. 2021 मध्ये तो डिस्को आगीत जळाला आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ओटिस चक्रीवादळाने सगळे शहरच उद्ध्वस्त केले. कानकून मात्र मुळातच आखून वसवलेले शहर आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेतल्या अर्थतज्ज्ञांना परकीय चलन हवे होते. त्यांनी किनाऱ्यांचा अभ्यास करून ही जागा निवडली. तेव्हा त्या पट्ट्यावर नारळबागेची राखण करणारी तीन माणसे राहत होती. 1970 मध्ये कामाला सुरुवात झाली आणि 1974 मध्ये पहिली हॉटेले उघडली.

आराखड्यातच दोन वस्त्या ठरवल्या होत्या: समुद्राकाठी हॉटेलांचा पट्टा आणि मुख्य भूमीवर कामगारांचे शहर. रात्रीची करमणूकही या रेषेवरच दुभंगली. पट्ट्यावर कोको बाँगोसारखे भव्य क्लब आहेत, जेथे छताखाली कसरतपटू झोके घेतात, कागदाच्या चकत्यांचा पाऊस पडतो आणि ‘बार्रा लिब्रे’ म्हणजे एका तिकिटात हवी तितकी दारू मिळते. मुख्य भूमीवरच्या पार्के दे लास पालापास या चौकात मात्र संध्याकाळपासून कुटुंबे जमतात, मुले फिरतात, आणि गाड्यांवर मार्केसितास मिळतात. कुरकुरीत पातळ गुंडाळीत किसलेले एडाम चीज आणि हवा तर चॉकलेटचा थर, असा हा युकातानचा पदार्थ आहे. या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या आर-1 आणि आर-2 या बसमधून कामगार रात्री उशिरापर्यंत ये-जा करतात. कानकूनला जाणाऱ्यांनी कोको बाँगो टाळावे, असे मी म्हणणार नाही. पण पालापास चौक न पाहता आलात, तर शहर पाहिलेच नाही, असे मी म्हणेन.

‘बार्रा लिब्रे’बद्दल एक व्यावहारिक सूचना. ठरावीक तिकिटात अमर्याद दारू द्यायची, तर स्वस्तातली दारू वापरण्याचा मोह मालकाला होतो. 2017 मध्ये मेक्सिकोच्या आरोग्य यंत्रणेने कानकून आणि प्लाया देल कार्मेन येथील बार व हॉटेलांवर छापे घालून संशयास्पद मद्य जप्त केले होते. बाटली डोळ्यांसमोर उघडलेली असावी, हा नियम तेथे पाळलेला बरा.

आता पुन्हा सीमेकडे येऊ, कारण मला सर्वांत रोचक वाटणारा भाग तेथेच आहे. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेत परतणाऱ्यांची तपासणी कडक झाली आणि सान दिएगो आणि तिहुआना यांच्यामधल्या सान इसिद्रोच्या नाक्यावर तासन्‌तास रांगा लागू लागल्या. जून 2009 पासून अमेरिकी नागरिकांनाही रस्त्याने परतताना पासपोर्ट किंवा तत्सम कागद अनिवार्य झाला. त्याच सुमारास अमली पदार्थांच्या टोळ्यांचे युद्ध पेटले; ह्वारेसमध्ये 2010 या एका वर्षात 3,000 हून अधिक माणसे मारली गेली. पर्यटक आटले, रेव्होलुसिओनवरची दुकाने ओस पडली.

मग तिहुआनात एक अनपेक्षित गोष्ट घडली. परदेशी गिऱ्हाइकासाठी चढे भाडे मागणाऱ्या जागा स्वस्त झाल्या आणि शहरातल्याच तरुणांनी त्या घेतल्या. सहाव्या गल्लीत, जिला सगळे ‘ला सेक्स्ता’ म्हणतात, दान्दी देल सुरसारख्या जुन्या बारशेजारी नव्या जागा निघाल्या. पासाहे रोद्रिगेस या बोळातल्या बंद पडलेल्या स्मरणवस्तूंच्या दुकानांमध्ये चित्रदालने आणि पुस्तकांची दुकाने आली. स्थानिक बिअर गाळणाऱ्या छोट्या भट्ट्या वाढल्या. आज सान दिएगोहून येणारी माणसे, आणि त्यांत तेथे नोकरीनिमित्त राहणारी आपली मराठी मंडळीही आली, या स्थानिकांसाठी उघडलेल्या जागांमध्ये पाहुणी म्हणून शिरतात. हिंसा संपलेली नाही: 2023 मध्ये पेसो प्लुमा या गायकाला धमक्या आल्या, त्याला तेथील कार्यक्रम रद्द करावा लागला, आणि नंतर नगरपालिकेने टोळ्यांचे गुणगान करणाऱ्या गाण्यांच्या सादरीकरणावर दंड लावला.

पर्यटकाची रात्र आणि स्थानिकांची रात्र यांच्यातला सर्वांत उघड संघर्ष मात्र मार्च 2024 मध्ये मासात्लान येथे दिसला. सिनालोआ प्रांतातल्या या बंदरात बांदा संगीत जुने आहे: ट्युबा, सनई जातीची वाद्ये, ढोल घेतलेले वादक किनाऱ्यावर फिरतात आणि मागेल त्याला गाण्यामागे पैसे घेऊन वाजवून दाखवतात. परदेशी पाहुण्यांना आवाजाचा त्रास होतो, अशी तक्रार हॉटेल व्यावसायिकांनी केली, बंधने घालण्याची भाषा सुरू झाली, आणि शेकडो वादक वाद्ये वाजवतच रस्त्यावर उतरले. पोलिसांशी झटापटही झाली. मेक्सिकोत समुद्रकिनारा राष्ट्राच्या मालकीचा असतो, त्यामुळे समोरच्या वाळूवर हॉटेलला हक्क सांगता येत नाही. परवाने आणि वेळा ठरवण्याचा अधिकार मात्र प्रशासनाकडे आहे, आणि वाद त्याच मुद्द्यापाशी येऊन थांबतो.

माझा कौल वादकांच्या बाजूने आहे, आणि तो भावनेपेक्षा हिशेबाने आहे. 2013 मध्ये दुरांगोहून डोंगर ओलांडून येणारा नवा महामार्ग पूर्ण झाला, तेव्हापासून मेक्सिकोच्या आतल्या प्रांतांतली कुटुंबे मोठ्या संख्येने गाडीने मासात्लानला येतात, आणि वाळूवर बसून बँडला गाण्याचे पैसे मोजणारी गिऱ्हाइके बहुतांशी हीच असतात.