एजंटच्या हातातलं टोकन

वेबसाइट उघडली की खाली उजव्या कोपऱ्यात एक गोल बटण टुणकन वर येतं बघा, काही मदत करू का विचारत. आपण बहुतेक वेळा ते बंदच करतो. ड्रिफ्ट हे असंच एक एआय चॅट एजंट होतं, सेल्सलॉफ्ट कंपनीचं, आणि कितीतरी कंपन्यांनी ते आपापल्या साइटवर लावलेलं. आलेल्या माणसाशी बोलायचं, गिऱ्हाईक होण्यासारखा वाटला तर त्याची नोंद कंपनीच्या सेल्सफोर्समध्ये, म्हणजे गिऱ्हाईकांची माहिती ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, एवढं त्याचं काम. पण नोंद टाकायला आत जावं लागतं ना, म्हणून प्रत्येक कंपनीने त्याला एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी दाखवायची डिजिटल चावी, दिलेलं. सेटअपच्या दिवशी कुणीतरी 'अलाउ' दाबलं आणि विषय संपला.

२०२५ मध्ये मार्च ते जून कुणीतरी सेल्सलॉफ्टच्या गिटहब अकाउंटमध्ये, म्हणजे कंपनी आपला कोड ठेवते तिथे, फिरत होतं. तिथून ते ड्रिफ्टच्या क्लाउडपर्यंत पोचले, आणि गिऱ्हाईक कंपन्यांची टोकनं तिथे आयती मिळाली. मग ८ ऑगस्टपासून १८ ऑगस्टपर्यंत त्या कंपन्यांच्या सेल्सफोर्समधून नुसती उपसाउपसी. गुगलच्या अंदाजाने ७०० हून जास्त संस्था यात सापडल्या, त्यात क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो आल्टो नेटवर्क्स, म्हणजे ज्यांचा धंदाच सिक्युरिटीचा आहे तेसुद्धा.

यात कुठल्याही गिऱ्हाईक कंपनीचा पासवर्ड फोडला नाही. कुणाला ओटीपी आला नाही. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला दाखवला की चपला मिळतात, तोंड कोण बघतंय, तसं या टोकनचं असतं. अशी टोकनं देण्याच्या पद्धतीला ओऑथ म्हणतात, तिची आत्ताची आवृत्ती २०१२ पासूनची आहे, आणि चांगलीच आहे खरं तर, कारण ओऑथ येण्याआधी लोक सरळ पासवर्डच दुसऱ्या ॲपला देऊन टाकायचे. पण टोकन ज्याच्या हातात त्याचं काम होतं, सर्व्हर पुढे काही विचारत नाही.

आणि चोरांनी नेलं काय, तर गिऱ्हाईकांच्या नोंदी आणि सपोर्ट तिकिटं, म्हणजे अडचण आली की गिऱ्हाईक कंपनीला लिहितात ते. ऐकायला भुक्कड वाटतं. पण त्या तिकिटांच्या मजकुरात ते 'पासवर्ड' शब्द शोधत होते, एकेआयए या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ॲमेझॉन क्लाउडच्या 'की', म्हणजे किल्ल्या शोधत होते, कारण अडचणीत सापडलेला माणूस घाईत तिकिटातच आपली किल्ली पेस्ट करून टाकतो. क्लाउडफ्लेअरने स्वतःचा गेलेला डेटा चाळला तर त्यात त्यांचीच १०४ एपीआय टोकनं निघाली, ती सगळी त्यांनी बदलली.

आता ड्रिफ्ट निदान एका ठरलेल्या कामापुरतं होतं. सध्या आपण कोड लिहायला जे एजंट वापरतो ते लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत बसतात, फाइल वाचतात, कमांड चालवतात, आणि तुमच्या नावानेच चालतात, म्हणजे तुम्हाला जे दिसतं ते सगळं त्यांनाही दिसतं. पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाइल, सर्व्हरवर शिरायची एसएसएच की, एनपीएम या कोड पॅकेजच्या कोठाराचं टोकन, सगळं होम फोल्डरमध्ये उघडं पडलेलं असतं, आणि हे चोरांच्याही लक्षात आलंय. त्याच ऑगस्टच्या २६ तारखेला एनएक्स नावाच्या एनपीएम पॅकेजमध्ये कुणीतरी व्हायरस घुसवला. इन्स्टॉल केलं की तो मशीनवर क्लॉड, जेमिनी किंवा ॲमेझॉन क्यूचं कमांड लाइन टूल आहे का बघायचा, असेल तर परवानगी विचारायची सोय बंद करून त्यालाच सांगायचा की बाबा, या मशीनवर चोरण्यासारख्या फाइल कुठे कुठे आहेत त्याची यादी दे. आणि हाती लागलेला माल ठेवायचा कुठे? त्याच माणसाच्या गिटहब टोकनने, त्याच्याच अकाउंटमध्ये नवीन रेपो, म्हणजे कोड ठेवायचा फोल्डर काढून, तोही पब्लिक!

बरं, व्हायरस लागतोच असंही नाही. २०२५ च्या मे महिन्यात इन्व्हेरियंट लॅब्स या सिक्युरिटी कंपनीने दाखवून दिलं की पब्लिक रेपोत एक साधा इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद टाकायची, त्यात एजंटसाठी सूचना लपवायच्या, आणि मालकाने 'जरा इश्यू बघ रे' म्हटलं की एजंट त्या वाचून प्रायव्हेट रेपोतली माहिती पब्लिकमध्ये टाकतो. का जमलं हे? कारण हाताशी एकच टोकन आणि त्याला सगळ्या रेपोंची परवानगी. एजंटच्या आतल्या एआय मॉडेलला मजकूर आणि हुकूम यातला फरक अजून पक्का कळत नाही, त्यामुळे प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्याला द्यायच्या सूचनेत, 'टोकन कुणाला दाखवू नकोस' लिहिणं म्हणजे माझ्या मते नुसतं मनाचं समाधान आहे.

त्यापेक्षा टोकन मॉडेलपर्यंत जाऊच द्यायचं नाही. एजंटने फक्त म्हणायचं, अमुक रेपोचे इश्यू आण. मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवायचा, तो तिजोरीतून टोकन काढून रिक्वेस्टला जोडतो आणि एजंटला नुसतं उत्तर परत देतो. चॅटमध्ये टोकन नाही, लॉगमध्ये नाही, मग कुणी कितीही फसवलं तरी एजंट ओकणार काय? फसलेला एजंट त्या मधल्याकडून नको ते काम करून घेऊ शकतो हे आहेच, म्हणून टोकनची परवानगीही एकाच रेपोपुरती, जमलं तर फक्त वाचायची, आणि आयुष्य कमी. गिटहब ॲपच्या इन्स्टॉलेशनला मिळणारं टोकन तासाभरात आपोआप बाद होतं, तसं. लोक कटकट नको म्हणून 'कधीच संपणार नाही' हा पर्याय निवडतात, आणि ते न संपणारं टोकन मग दुसऱ्याच कुणाला तरी उपयोगी पडतं.

ड्रिफ्टच्या त्या प्रकरणात ऑक्टा कंपनी वाचली ती कशी बघा. त्यांचंही टोकन चोरांकडे होतं, चोरांनी ते लावूनही पाहिलं. पण ऑक्टाने आपल्या सेल्सफोर्सला सांगून ठेवलं होतं की ठराविक आयपी पत्त्यांवरूनच आत घ्यायचं, आणि चोर आले भलत्याच पत्त्यावरून. टोकन खरं होतं, तरी दार उघडलं नाही.