सड्यावरचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापूरकराचा पुढचा प्रश्न ठरलेला: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. हे आकडे आपल्याकडे पोरासोरांना पाठ असतात. आज त्या पाण्याच्या माहेरी जाऊ.

माहेर म्हणजे दाजीपूरचं रान. संस्थानकाळात छत्रपतींचं शिकारीचं रान, १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य, १९८५ मध्ये वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य आणि २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा. सनावळी एवढी पुरे.

समुद्रावरचे ढग कोकण ओलांडून या कड्याला धडकतात. शहरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस इथं कोसळतो. जांभूळ, अंजनी, हिरड्याची दाट राई आणि मधूनच जांभ्याचे उघडे सडे, म्हणजे सपाट खडकाळ माळ. उन्हाळ्यात सडा बघून वाटतं, इथं काय उगवणार! पण भाद्रपदात गुडघे टेकून बघा. (तेव्हा अभयारण्य बंद असतं, म्हणून आपल्या मसाई पठारावर जा, तेही जांभ्याचंच.) बोटाच्या पेराएवढी जांभळी फुलं, सीतेची आसवं. दिसायला नाजूक, पण मुळाशी बारीक फुगे असतात आणि ओलाव्यातला किडा जवळ आला, की फुगा त्याला आत ओढून घेतो. खडकावर खत नाही, मग पोट असं भरायचं.

झाडी आणि पालापाचोळा पाऊस मुरवून ठेवतात आणि ओढे तो पुढं बरेच महिने झिरपत देतात. भोगावती राधानगरीकडं, दूधगंगा काळम्मावाडी धरणाकडं. तिथून थेट पाइपलाइननं आलेलं पाणी आज शहरातल्या नळाला आहे. करवंदं, मध, शिकेकाई हे धनगरवाड्यांचं उत्पन्न मी कमी लेखत नाही. पण रानाचा सगळ्यात मोठा माल म्हणजे हे पाणीच, आणि त्याची पावती कुणी फाडत नाही.

आणि गवा? मे महिन्यात, दिवस कलताना, सड्याच्या कडेला गाडीतच बसून राहा. आधी काळी पाठ दिसते, मग पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. तो मान वर करतो, नाकातून जोरात फुत्कारतो आणि तुमच्याकडं बघत राहतो. तेव्हा मोबाइल काढायची घाई नको. त्याला चरू द्या.