मुशीची पाटी

(दृश्य: मुंबईचा ससून डॉक, अजून उजाडलेलं नाही. बर्फ फोडल्याचा आवाज.)

पहाटेचे साडेपाच. १८७५ साली हा धक्का बांधला कापसाच्या व्यापारासाठी. आज इथे कापूस शोधून सापडायचा नाही. लिलाव सुरू झालाय, आणि मधे उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त शिव्या पडतायत. बरोबरच आहे, ही त्यांची कमाईची वेळ.

(दृश्य: एक पाटी, वरून.)

ही मुशी, म्हणजे लहान शार्क. शार्क म्हटलं की आपल्यासमोर जबडा येतो. कोळीवाड्यात मुशी म्हटलं की कालवण. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम करून घालतात.

जरा जवळून बघू. वरच्या मुशींचं नाक चपटं, फावड्यासारखं. ही जातच लहान. पूर्ण वाढली तरी दोन-अडीच फूट. पण त्यांच्याखाली दबलेलं हे डोकं बघा. दोन्ही बाजूंना हातोड्यासारखं फाकलेलं, आणि थेट टोकांना डोळे. हे हॅमरहेडचं पिल्लू. जगलं असतं तर तुमच्या-माझ्याहून लांब झालं असतं. हॅमरहेडमधली स्कॅलप्ड ही जात आज जगात अतिसंकटग्रस्त गणली जाते.

बांगडा हजारोंनी अंडी सोडतो. हॅमरहेड कित्येक महिने पिल्लं पोटात वाढवते, आणि मुळात वयात यायलाच तिला वर्षानुवर्षं लागतात. एक पाटी भरायला मात्र जाळ्याची एक ओढ पुरते.

(दृश्य: एडिटिंगचं टेबल.)

आमच्या फिल्मच्या पहिल्या कटमध्ये सुरा होता, रक्त होतं, वर गंभीर संगीत. तो बघून एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, एवढंच विचारलं, "यात चोर आम्हीच का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. मुशीसाठी म्हणून इथे फारसं कुणी जाळं टाकत नाही. कोळंबीमागे गेलेल्या ट्रॉलमध्ये, म्हणजे होडीमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात, ती बाकीच्या मासळीबरोबर येते. आम्ही संगीत काढलं. सुराही काढला.

चित्रपटाने मासा वाचतो का? एकदा तरी वाचलाय. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारले जात होते. यकृताचं तेल होड्यांना चोपडायला, मांस परदेशी पाठवायला. वन्यजीवांवर चित्रपट करणारे माइक पांडे यांनी ते चित्रित केलं. २००० साली आलेल्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स'ला ग्रीन ऑस्कर म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार मिळाला, आणि मे २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत गेला. हे संरक्षण मिळालेला तो देशातला पहिला मासा. पुढे रामकथाकार मोरारीबापूंनी गुजरातेत सांगितलं, ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. मग कोळ्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले.

आता खरं सांगायचं तर व्हेल शार्कचं नशीबही थोर. अंगभर ठिपके, बसएवढा आकार, कुणाला चावत नाही. कॅमेऱ्याला असंच पात्र हवं असतं. पाटीतल्या हातभर मुशीला लेक कोण म्हणणार? तिला तर आपण बाळंतिणीच्या ताटात वाढतो.

(दृश्य: मोबाइलवरची क्लिप. हलती, तिरकी, खाऱ्या पाण्याचे थेंब उडालेली.)

ही क्लिप आमची नाही, एका खलाशाची आहे. जाळ्यात व्हेल शार्क अडकलाय. कुणीतरी ओरडतंय, "काप, काप!" सुरी चालते, जाळं सुटतं, ठिपक्यांची पाठ खाली जाते. शेवटी बराच वेळ नुसतं पाणी, कारण फोन बंद करायचं भान कुणाला राहिलेलं नाही.

डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात अशी योजना आहे: संरक्षित जीव सोडताना जाळं फाटलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. म्हणजे या तिरक्या क्लिपवर एका घरचं नवं जाळं अवलंबून असतं. आमच्या फिल्मवर अजून तरी कुणाचं काही अवलंबून नाही.

(दृश्य: पुन्हा डॉक. ऊन आलंय.)

पाटीवाल्या मावशींनी ते पिल्लू शेपटीला धरून वर काढलं, लेन्ससमोर धरलं. "डोकं नीट आलं का बघ. मघाशी तुझ्या कॅमेऱ्यावर माझीच सावली पडत होती."

आलं, म्हटलं.

त्यांनी ते परत पाटीत टाकलं. गिऱ्हाईक ताटकळलं होतं.