तिसऱ्या गावाचं मैदान

नमस्कार मंडळी.

2024-25च्या हंगामापासून एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेच्या मुख्य फेऱ्यांमधले रिप्ले, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळायचे सामने, कायमचे बंद झाले. ती बातमी आली तेव्हा आपल्या मंडळातल्या एका मुलाने मला विचारलं, "काका, सामना बरोबरीत सुटला तर पुन्हा सगळा सामना खेळायचे? आणि तोही बरोबरीत सुटला तर?" तर पुन्हा खेळायचे, बाळा. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

पहिला सामना एकाच्या मैदानावर, दुसरा दुसऱ्याच्या. तरीही निकाल लागला नाही, तर तिसरा सामना बहुधा तिसऱ्याच गावात, जिथे दोघांचंही घर नाही. मग चौथा, पाचवा. पेनल्टी शूटआउट नव्हतंच. 1955 साली स्टोक आणि बरी हे संघ तिसऱ्या फेरीत पाच वेळा भिडले. दोन सामने आपापल्या गावी झाले, पुढचे तीन गुडिसन पार्क, अ‍ॅनफिल्ड आणि ओल्ड ट्रॅफर्डवर. एकूण 9 तास 22 मिनिटांच्या खेळानंतर स्टोक 3-2ने जिंकलं. ते मी पाहिलेलं नाही, मी इथे इंग्लंडला आलो तो सत्तरच्या दशकात. पण 1979च्या जानेवारीत असंच काहीतरी माझ्या दारात येऊन उभं राहिलं.

तेव्हा मी लेस्टरला कारखान्यात नोकरीला होतो. लंडनचं आर्सेनल आणि तिसऱ्या डिव्हिजनमधलं शेफील्ड वेन्सडे यांचे पहिले दोन्ही सामने 1-1 सुटले. शेफील्डच्या पहिल्या सामन्यात आर्सेनलचा गोलरक्षक पॅट जेनिंग्जवर प्रेक्षकांनी बर्फाचे गोळे फेकले होते. तिसरा सामना लेस्टरच्या फिल्बर्ट स्ट्रीटवर ठरला. देशभर मैदानं गोठलेली होती. फिल्बर्ट स्ट्रीटवर मात्र हवा भरून फुगवलेलं पॉलिथिनचं प्रचंड आवरण असे, आणि त्याखाली गवत खेळण्याजोगं राही.

15 जानेवारी, सोमवार: 2-2. 17 जानेवारी, बुधवार: 3-3. दोन्ही दिवशी जादा वेळ खेळूनही निकाल नाही. 22 जानेवारी, पुन्हा सोमवार. त्या दिवशी सरकारी आणि नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांचा देशव्यापी संप होता, शाळा बंद, कचरा तसाच पडलेला. त्या संध्याकाळी आर्सेनल 2-0ने जिंकलं. सतरा दिवसांत पाच सामने, 540 मिनिटं खेळ. वेन्सडेचे मॅनेजर होते जॅक चार्लटन, 1966च्या विश्वविजेत्या संघातले. त्यांची पोरं दोन डिव्हिजन वरच्या संघाला शेवटपर्यंत सोडत नव्हती. आर्सेनलने पुढे त्या वर्षीचा कपही जिंकला, पण मला विचाराल तर त्या मोसमातला खरा पराक्रम वेन्सडेचा.

आता मला जे सांगायचंय ते खेळाबद्दल नाही, प्रेक्षकांबद्दल आहे. त्या काळी आपल्या रंगाच्या माणसाने शनिवारच्या सामन्याला एकट्याने जाणं सोपं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॅशनल फ्रंट या स्थलांतरितविरोधी पक्षाने लेस्टरमधून मोर्चा काढला, त्यावरून हवा ओळखा. नेहमीच्या सामन्याला टेरेसवर, म्हणजे उभं राहून सामना बघायच्या पायऱ्यांवर, गेलं की आधी नजरा भिडायच्या: हा कोण, इथे कशाला? रिप्लेच्या रात्री तसं झालं नाही. एक टोक लंडनकरांचं, एक शेफील्डकरांचं, आणि मधे आम्ही लेस्टरचे, ज्यांचा संघ मैदानात नव्हताच. दोन घरांच्या लग्नाला तिसऱ्याच गावाने मांडव द्यावा, तसं आमचं होतं. वेन्सडेने गोल केला की शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने माझा दंड धरून हलवला. तुम्ही कुठले, हे त्याने विचारलं नाही. थर्मासमधला चहा मात्र पुढे केला. इंग्लंडमध्ये मला पहिल्यांदा आपण यजमानांपैकी एक आहोत असं वाटलं ते त्या रात्री, आणि ही गोष्ट मी आजवर जाहीरपणे कधी बोललो नव्हतो.

खरं तर ही भूमिका मला नवी नव्हती. मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कप फुटबॉलला कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग यायचे, आणि आम्ही गिरगाव-परळची मुलं ना धड इकडची ना तिकडची, तरी घसा बसेपर्यंत ओरडायचो.

पुढच्या वर्षी आर्सेनल आणि लिव्हरपूलची उपांत्य लढत चार सामने चालली. हिल्सबरोला 0-0, व्हिला पार्कवर दोनदा 1-1. त्यातल्या दुसऱ्या 1-1मध्ये आर्सेनलच्या अ‍ॅलन संडरलंडने सुरुवातीच्या काही सेकंदांतच गोल केला होता आणि लिव्हरपूलच्या डॅलग्लिशने थेट इंज्युरी टाइममध्ये, अगदी शेवटच्या क्षणांत, बरोबरी साधली. चौथा सामना 1 मे 1980ला कॉव्हेंट्रीच्या हायफील्ड रोडवर झाला. इथून जवळच, म्हणून कामावरून परस्पर गेलो. आर्सेनलच्या ब्रायन टॅलबटच्या एका हेडरवर सगळा निकाल लागला. खेळाडूंचे पाय अक्षरशः उचलत नव्हते. आर्सेनल अंतिम सामन्यात दुसऱ्या डिव्हिजनच्या वेस्ट हॅमकडून हरलं, आणि लगेच युरोपियन कप विनर्स कपचा अंतिम सामना व्हॅलेन्सियाकडून पेनल्टीवर. खेळाडूंच्या शरीराचा हिशोब केला तर रिप्ले बंद करणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं.

1991-92पासून एकाच रिप्लेनंतर पेनल्टी आल्या, आणि तिसऱ्या गावात जायची वेळच उरली नाही. उपांत्य फेरीचे रिप्ले मात्र तिसऱ्या ठिकाणी होत राहिले, तेही 1999पर्यंत. शेवटचा व्हिला पार्कवर: आर्सेनलच्या बर्गकँपची पेनल्टी युनायटेडचा गोलरक्षक श्मायकेलने अडवली आणि त्यांच्याच गिग्जने अर्ध्या मैदानातून एकट्याने धावत जाऊन गोल केला. मँचेस्टर युनायटेड 2, आर्सेनल 1.

छोट्या क्लबांचं नुकसान तर उघड आहे. 2005 साली वरच्या चार डिव्हिजनबाहेरच्या एक्सेटरने मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर 0-0 बरोबरी साधली आणि रिप्लेच्या उत्पन्नाने त्या क्लबला कर्जातून वर यायला हात मिळाला. आज तसा हात मिळणार नाही. लेस्टर, कॉव्हेंट्री यांसारख्या गावांनी काय गमावलं, हे मात्र कुणी मोजत नाही. फिल्बर्ट स्ट्रीट पाडलं, हायफील्ड रोडच्या जागी घरं झाली. त्या मुलाला मी सांगितलं, पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर चल, दोन्ही जागा दाखवतो. आणखी कुणाला यायचं असेल तर जेवणानंतर मला भेटा, गाडीत तीन जागा आहेत.